माईंच्या चादरींवर नाव नव्हतं

गेल्या महिन्यात माई गेल्या. तेराव्याला ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यामागच्या त्यांच्या माडीवर आम्ही जमलो, तेव्हा पुण्याहून आलेल्या एका नातवाने मोबाइल पुढे केला. त्यात कुठल्याशा संस्थेची यादी होती, दवाखान्यातल्या खाटेची किंमत होती. पैसे भरले की खाटेवर माईंच्या नावाची पाटी लागणार आणि पाटीचा फोटो आठ दिवसांत येणार. पोरगा मनाचा चांगला आहे, आजीवर त्याची मायाही होती. पण मला ते सोसलं नाही. ज्या बाईने दवाखान्यासाठी शिवलेल्या एकाही चादरीवर नावाचा टाका घालू दिला नाही, तिच्या नावाची पाटी! मी उठून गॅलरीत गेले. खाली बाडा गजबजलेला होता. या मागोव्याची सुरुवात तिथेच झाली.

माई ज्याच्यासाठी चादरी शिवत तो दवाखाना हेमलकशाचा. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांमध्ये राहायला गेले. ते सर्जरीचं शिक्षण सोडून आलेले, त्या भूलतज्ज्ञ. आधी झोपडी होती. 1975 मध्ये ‘स्विसएड’च्या पैशातून छोटासा दवाखाना उभा राहिला. मला या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं. भामरागड नकाशावरही न पाहिलेल्या स्वित्झर्लंडच्या माणसांनी पर्लकोटा नदीच्या काठच्या रोग्यांसाठी पैसे काढून ठेवले होते.

आम्हीही तसे परकेच. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास इथे तळ दिला, त्याचं ‘लष्कर’ हे शहर झालं आणि आमचे पूर्वज इथलेच झाले. महाराष्ट्र आमच्यासाठी लग्नपत्रिकांवरच्या पत्त्यांत उरलेला. गडचिरोली जिल्हा तर 1982 मध्ये झाला, त्याचं नावही बाड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. सत्तरच्या दशकाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडं आहे. कॉलेज, परीक्षा, आणि जौऱ्याला गांधीवादी सुब्बारावांच्या आश्रमात श्रमदानाचं एक शिबिर. 1972 मध्ये त्याच जौऱ्यात चंबळच्या बागींनी जयप्रकाश नारायणांपुढे बंदुका ठेवल्या होत्या. घमेलं कसं धरायचं ते मी तिथे शिकले, एवढंच.

खरं दशक 1984 ते 1993. माई शाळेत शिवण शिकवत. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेल्या एका मुलाने त्यांना हेमलकशाबद्दल सांगितलं आणि मे महिन्यात माईंनी आम्हा चौघींना ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसमध्ये बसवलं. आमच्याच स्टेशनावरून जाणारी ही गाडी सरळ बल्लारशाला जाते, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढे एसटी, आलापल्लीनंतर मिळेल तो ट्रक, आणि नंतर पायी.

पहिले तीन दिवस मला एकच काम होतं. जुनी धोतरं फाडायची, पट्ट्या गुंडाळायच्या, उकळायच्या, वाळत घालायच्या. मी नाराज झाले. आम्ही एवढ्या लांबून आलो, आम्हाला काहीतरी मोठं काम द्या, असं वाटत होतं. चौथ्या दिवशी अस्वलाने चेहरा फाडलेला एक माणूस आणला. दोन दिवस चालून त्याच्या माणसांनी त्याला आणलं होतं. वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात त्याला टाके पडले आणि माझ्याच हातच्या पट्ट्या त्याच्या डोक्याभोवती गुंडाळल्या गेल्या. त्यानंतर मी कामाची निवड केली नाही.

परत आल्यावर माईंची माडी आमचं गोदाम झाली. महाडिकांच्या गोठीपासून जनकगंजापर्यंत आम्ही घरोघर जाऊन जुनी धोतरं आणि नऊवारी पातळं मागायचो. नवं कापड जखमेला बोचतं, वर्षानुवर्षं धुतलेलं धोतर मऊ होतं. डॉक्टरांकडून नमुन्याची औषधं गोळा करायचो आणि जमिनीवर चादर अंथरून निवडायचो. माईंचा नियम कडक होता. ज्या औषधाची मुदत सहा महिन्यांच्या आत संपते ते बाजूला. पावसाळ्यात नाले भरले की हेमलकशाचा रस्ता बंद, मग गेलेलं औषध पाऊस संपेपर्यंत तसंच पडून राहणार. टॉनिकच्या बाटल्या लोक भरभरून द्यायचे, आम्ही त्या हात जोडून परत करायचो. तिथे मलेरियाच्या गोळ्या हव्या होत्या, खरजेचं मलम हवं होतं. आपल्या कपाटात काय जास्त झालंय हे बघून मदत करायची नसते, समोरच्याला काय हवं ते आधी विचारायचं असतं. एक पोस्टकार्ड लिहायला कितीसे पैसे लागत होते! तरी ते कुणी लिहीत नसे.

बाड्याच्या पोस्टाबाहेर पार्सलं कापडात शिवून लाखेची मोहोर लावून देणारे एक चाचा बसत. आमच्या पार्सलांची मजुरी त्यांनी पहिल्या वर्षानंतर कधी घेतली नाही. विचारलं तर म्हणत, “बिटिया, मेरा भी इतना सा हाथ लगने दो.”

आता एक जुना हिशेब. 1988 मध्ये आमच्याच समाजातल्या एका मंडळाने पन्नास चादरींचं कापड देऊ केलं. अट अशी की प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात मंडळाचं नाव रंगीत दोऱ्याने भरायचं आणि जिवाजीरावांच्या पुतळ्यापुढे चादरी धरून सगळ्यांनी फोटोला उभं राहायचं. माई म्हणाल्या, “रोग्याने कुणाच्या उपकारावर झोपायचं का?” कापड आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं त्या मंडळाच्या हळदीकुंकवाला माईंना बोलावणं नव्हतं आणि माईंना गर्व झालाय, आपल्या शहरात गरीब काय कमी आहेत, असं बोलत लोक फिरत राहिले. असं बोलणाऱ्यांपैकी एकाही घरातून कधी शहरातल्या रोग्याला डबा गेलेला मी पाहिला नाही. त्यांची नावं मी लिहीत नाही, पण विसरलेही नाही.

त्या वर्षी माईंनी जुन्या पातळांना मांजरपाट लावून एकेचाळीस चादरी शिवल्या. रोज शाळेतून आल्यावर मशीन चालायचं ते खाली बाड्यावरच्या दुकानांचे पडदे पडेपर्यंत. मे महिन्यात त्या स्वतः घेऊन गेल्या. प्रकाशभाऊ नेहमीप्रमाणे अर्ध्या चड्डीत आणि बंडीत होते. त्यांनी चादरी मोजल्या नाहीत, लगेच वॉर्डात पाठवल्या.

1993 नंतरची वर्षं मी भरभर ओलांडते. माईंचे गुडघे गेले, चौघींपैकी दोघी पुण्याला, एक बडोद्याला. मी इथेच नोकरी केली, मनीऑर्डर पाठवत राहिले, हात मात्र लावला नाही. तिकडे वीज पोचली, रस्ते झाले, 2008 मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना मॅगसेसे मिळालं, 2014 मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, दिगंत आणि अनघा आमटे ही पुढची डॉक्टर पिढी उभी राहिली. सगळं चांगलं झालं. पण सिनेमानंतर आमच्या ओळखीतले जे कोणी गेले, ते तिथे सांभाळलेल्या बिबट्यासोबत फोटो मिळेल का हे विचारत गेले. वॉर्डाबाहेर झाडाखाली चूल मांडून बसलेले रोग्यांचे नातेवाईक त्यांच्या एकाही फोटोत नव्हते.

इकडे बाडाही सजला. 2010 च्या आगीत जळालेलं व्हिक्टोरिया मार्केट पुन्हा उभं राहिलं, तिथे आता भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. संध्याकाळी दिव्यांत इमारती सुंदर दिसतात. पार्सल शिवणारं मात्र कुणी बसत नाही. ज्या घरांतून धोतरं मिळायची त्यांतली निम्मी विकली गेली, आणि उरलेल्यांत मी आता गेले तर पहिला प्रश्न येतो, “लिंक आहे का?” पैसे वाईट नाहीत. स्विसएडच्या पैशाशिवाय तो दवाखाना उभा राहिला नसता. पण स्विसएडच्या पैशाने बांधलेल्या खोलीत कुणीतरी राहिलं, झाडलं, उकळलं, टाके घातले. ती कामं पैशाने होत नाहीत, आणि ती करायला जाणारी माणसं आम्ही पुढे तयार केली नाहीत. हा दोष नातवाच्या पिढीचा नाही, आमच्या पिढीचा आहे. आम्ही पोरांना माईंच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या हातात कात्री दिली नाही.

त्या दिवशी मी गॅलरीतून परत आत आले आणि नातवाला माईंची ट्रंक उघडून दाखवली. तळाशी नऊ चादरी होत्या, धुतलेल्या, घडी घातलेल्या, कोपरे कोरे. त्याने मोबाइल खिशात ठेवला. दोघांनी मिळून हेमलकशाला पत्र लिहिलं आहे: तुम्हाला सध्या काय हवं आहे, आणि मे महिन्यात काम करायला माणसं चालतील का? उत्तर यायचं आहे. ते आलं की माईंचं मशीन पुन्हा त्याच माडीवर सुरू होईल. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून जुनी धोतरं, पातळं असतील तर बाजूला काढून ठेवा, आणि ज्यांना शिवता येतं त्यांनी संध्याकाळी या.