नित्य स्कूटरप्रवास आणि रथक्षोभ : एक गुणदोषविचार

वैद्याच्या दवाखान्यासमोर उभी असलेली स्कूटर हे महाराष्ट्रातील कोणत्याही गावात सहज दिसणारे दृश्य आहे. सकाळचा दवाखाना, दुपारी महाविद्यालय किंवा औषधनिर्मितीचे काम, सायंकाळी दुसऱ्या पेठेतील दवाखाना आणि मध्येच एखाद्या वृद्ध रुग्णाच्या घरी भेट, असा दिनक्रम दुचाकीवाचून पार पडणे कठीणच. औषधी दुकानदार बंधूंची स्थितीही याहून वेगळी नाही. आम्ही स्वतः गेली तीस वर्षे पुण्यात स्कूटर चालवीत आहोत. असे असूनही रुग्णाचा आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांविषयी बारकाईने प्रश्न करणारे आपण, ‘येण्याजाण्याचे साधन कोणते व रोज अंतर किती?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. या वाहनाचे गुण कोणते, दोष कोणते आणि ते वापरायचेच तर कोणते पथ्य पाळावे, याचा ऊहापोह करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

वाहनाची ओळख

स्कूटरचे आजचे परिचित रूप हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीतील अपत्य. पियाज्जो कंपनीची व्हेस्पा १९४६ साली बाजारात आली. आपल्याकडे बजाज कंपनीने १९७२ मध्ये ‘चेतक’ आणली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचे ते मानचिन्ह ठरले. नोंदणी केल्यावर कित्येक वर्षे वाट पाहावी लागे, हे आपल्यातील ज्येष्ठांना स्मरत असेलच. पुढे गिअर नसलेल्या स्कूटरचे युग आले. २००१ पासून होंडाच्या ‘अॅक्टिव्हा’ने ते घरोघरी पोहोचविले. बजाजने २००९ मध्ये स्कूटरनिर्मिती थांबविण्याची घोषणा केली आणि २०२० च्या आरंभी तेच ‘चेतक’ नाव विजेवर चालणाऱ्या वाहनाला देऊन ते पुन्हा विक्रीस आणले.

रचनेतील तीन गोष्टी वैद्याने ध्यानात घ्याव्यात. पहिली, स्कूटरची चाके लहान असतात. जुन्या चेतकची चाके दहा इंचांची होती. मोटरसायकलची बहुधा सतरा-अठरा इंचांची असतात. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते व अधिक जोराने आदळते. दुसरी गोष्ट बैठकीची. स्कूटरवर पाय पुढे, सपाट फळीवर असतात. मोटरसायकलस्वाराला गतिरोधक येताच पायांवर भार घेऊन किंचित उचलून बसता येते. स्कूटरवर ते जमत नाही. परिणामी खालून आलेला प्रत्येक हिसका थेट त्रिक व कटिप्रदेशात जातो. तिसरी, मागे बसणारा मागील चाकाच्या जवळजवळ वर बसतो. म्हणून चालकापेक्षा त्याला बसणारे हादरे अधिक तीव्र असतात.

गुण

गुण प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. शहरातील अरुंद गल्ल्यांत, जेथे मोटार नेणे म्हणजे विकतची डोकेदुखी, तेथे स्कूटर रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचते. ती उभी करण्यास जागा थोडी लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये ती साधारण पंचेचाळीस किलोमीटर जाते, त्यामुळे तरुण वैद्याच्या मर्यादित प्राप्तीत ती परवडते. पायापाशी सपाट जागा असल्याने भाजीची पिशवी, औषधांचा खोका नेता येतो. पुढील पत्र्यामुळे चिखल व पाणी यांपासून पायांचे काही अंशी रक्षण होते.

आणखी एक लाभ सामाजिक आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमुळे असंख्य स्त्रियांना स्वतंत्रपणे व्यवसाय करता आला. आपल्या भगिनी वैद्यांपैकी कित्येकींनी सायंकाळचा दवाखाना केवळ या वाहनाच्या भरवशावर चालविला आहे. या गुणाचे मोल रुपयांत होणार नाही.

शास्त्रातील रथक्षोभ

आता दोष. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील शेवटच्या अध्यायात, शोधन घेतलेल्या व्यक्तीस अत्यंत अपायकारक अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. मोठ्याने बोलणे, अति चालणे, अति बसणे, अजीर्ण असता भोजन, अहितकर भोजन, दिवास्वाप, मैथुन आणि रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हादरे. रथक्षोभाने होणाऱ्या उपद्रवांची यादी वाचताना आजच्या बाह्यरुग्ण विभागाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते: सांध्यांचे शैथिल्य, हनु-नासा-कर्ण-शिरःशूल, कुक्षिक्षोभ, आटोप, आध्मान, स्फिक्, पार्श्व, वंक्षण, कटी व पृष्ठ यांतील वेदना, सांधे, खांदे व मान यांचे दौर्बल्य, पायांना सूज. आचार्यांसमोर रथ होता, आपल्यासमोर स्कूटर आहे; परंतु हादरा तोच आणि प्रकुपित होणारा वायूही तोच.

अन्यत्रही हा विचार आढळतो. वातरक्ताच्या निदानात घोडा, उंट व वाहनावरील प्रवासाचा निर्देश आहे. अर्शाच्या निदानात कठीण व विषम आसनासोबत धक्के देणाऱ्या यानाची गणना आहे. गर्भोपघातकर भावांत चरकाचार्य अतिक्षोभक यानाचा समावेश करतात आणि सुश्रुताचार्य गर्भिणीस यानारोहण वर्ज्य सांगतात. याचा अर्थ स्कूटर चालविणाऱ्या प्रत्येकास अर्श अथवा वातरक्त होईल असा नव्हे. हेतू अनेक असतात. त्यांतील हा एक आहे, आणि आपण तो विचारीत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आमची एक चूक

येथे स्वतःचा एक प्रमाद नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी गृध्रसीचा एक रुग्ण आमच्याकडे योगबस्तीसाठी येत होता. स्नेहन, स्वेदन, बस्ती सर्व यथाविधी चालू होते. आहाराची सूचना लेखी दिली होती. पाचव्या दिवशी सकाळी जाणवलेला उपशय सायंकाळपर्यंत नाहीसा होऊन वेदना पूर्वीपेक्षा वाढली. द्रव्यात दोष असावा असे वाटून आम्ही तेल बदलले. फरक पडला नाही. अखेर चौकशीअंती कळले की, तो दररोज बस्तीनंतर अर्ध्या तासाने मुलाच्या स्कूटरवर मागे बसून, खोदलेल्या रस्त्याने, बारा किलोमीटर दूर घरी जात असे. सिद्धिस्थानाच्या पहिल्याच अध्यायात परिहार्य गोष्टींत यानाचा उल्लेख आहे आणि परिहारकाल चिकित्साकालाच्या दुप्पट सांगितला आहे. म्हणजे आठ दिवसांच्या योगबस्तीनंतर सोळा दिवस. हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकविले होते; रुग्णाला सांगितले नव्हते. पुढील खेपेस चिकित्साकालापुरती त्याची राहण्याची व्यवस्था जवळच्या नातेवाइकाकडे केली, द्रव्ये तीच ठेवली, आणि गुण आला.

शिर हे मर्म

हादऱ्यांचे दुष्परिणाम हळूहळू होतात. अपघाताचा एका क्षणात. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती दगावल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरील होत्या. शिरस्त्राण न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. शिरस्त्राणाविषयीच्या अनेक अभ्यासांच्या २००८ मधील कॉक्रेन परीक्षणानुसार, त्याच्या वापराने अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि शिराच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

पुण्यात हेल्मेटसक्तीला झालेला विरोध सर्वश्रुत आहे, आणि त्यात आपल्या व्यवसायातील मंडळीही होती, हे खेदाने म्हणावे लागते. मान दुखते, केस गळतात, उकडते, ऐकू येत नाही, ही कारणे आम्हीही ऐकली आहेत. एके काळी दिलीही आहेत.

आमचे एक ज्येष्ठ वैद्यस्नेही आहेत. घरापासून दवाखाना जेमतेम दीड किलोमीटर. ‘एवढ्याशा अंतराला कशाला?’ म्हणून शिरस्त्राण खुंटीवरच असे. पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर, अगदी मंद गतीने जाताना, स्कूटर घसरली आणि डोक्याचा मागील भाग आपटला. महिनाभरात ते हिंडूफिरू लागले. स्मृती शाबूत, वाणी शाबूत. गेले ते केवळ गंधज्ञान. नासामूळाशी अस्थीच्या सूक्ष्म छिद्रांतून जाणारे गंधवाही तंतू अशा आघाताने तुटतात आणि पुष्कळदा पुन्हा जुळत नाहीत. ज्या वैद्यांनी चाळीस वर्षे तेलाचा पाक झाला की नाही हे गंधावरून ठरविले, जटामांसी खरी की भेसळीची हे डोळे मिटून सांगितले, त्यांना आज कढईशी उभे राहून शिष्याला विचारावे लागते, “काय रे, वास आला का?”

शिर, हृदय व बस्ती ही तीन प्रधान मर्मे आपण रोज शिकवितो. उष्णीष वारा, ऊन व धूळ यांचे निवारण करते, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. शिररक्षणाचा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. मोटारवाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ची सक्ती बाजूला ठेवली, तरी वैद्याने तो स्वधर्म म्हणून पाळावा.

इतर दोष

स्कूटर आल्याने चालणे सुटले. कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही आपण तिच्यावरून जातो. प्रमेहाच्या निर्धन रुग्णास सुश्रुताचार्यांनी शंभर योजने चालण्यास सांगितले. आपला प्रमेही रुग्ण शंभर पावलेही चालत नाही, आणि त्यास उपदेश करणारा वैद्य त्याच्यासमोरच स्कूटरला किल्ली लावतो.

वाहनांच्या कोंडीत अडकल्याने मूत्रवेग धरून ठेवणे घडते. दिवसभर फिरतीवर असणाऱ्यांत ते नित्याचे होते. धूर व धुळीचा संपर्क चालकास थेट होतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाल्याने नव्या वाहनांचा धूर घटला आहे व विजेच्या स्कूटरला तो मुळीच नाही. परंतु पुढील ट्रकच्या धुराचे काय? आणि हादऱ्यांच्या बाबतीत विजेची स्कूटरही स्कूटरच आहे.

पथ्यापथ्य

१. एक किलोमीटरच्या आतील अंतर पायी जावे. आरंभ वैद्याने स्वतःपासून करावा.

२. शिरस्त्राण आय.एस.आय. चिन्हाचे, मापाचे असावे व पट्टा बांधलेला असावा. मागे बसणाऱ्यासही ते तितकेच आवश्यक आहे.

३. टायरमधील हवा निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणातच ठेवावी. अधिक हवेने हादरे वाढतात, कमी हवेने तोल जातो. मागील शॉकअॅब्सॉर्बर वेळच्या वेळी तपासावा.

४. घरातून निघताना प्रतिमर्श नस्य करावे. सुश्रुताने प्रतिमर्शाच्या चौदा काळांत या काळाची गणना केली असून, नासास्रोतस स्निग्ध राहिल्याने धूळ व धूर बाधत नाहीत, असा त्याचा हेतू सांगितला आहे. या एका उपदेशासाठी तरी दुचाकीस्वारांनी सुश्रुताचे ऋण मानावे.

५. रात्री कटी, पृष्ठ व पाद यांचा अभ्यंग करावा.

६. ओढणी व पदर आवरून घ्यावा. तो चाकात अडकून गंभीर अपघात होतात.

७. गर्भिणी, नुकतीच प्रसूत झालेली स्त्री, रक्तार्श व तीव्र कटिशूलाचे रुग्ण यांनी स्कूटर टाळावी. पंचकर्माच्या रुग्णास परिहारकालातील वाहनाची सूचना आहाराच्या सूचनेसोबत लेखी द्यावी.

औषधी दुकानदारांसाठी

बैठकीखालील डिकी ही औषधे ठेवण्याची जागा नव्हे. पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरमध्ये तिच्या निकटच इंजिन असते. उन्हाळ्यात आतील उष्णता बरीच वाढते. गुग्गुळकल्पाच्या गोळ्या एकमेकींस चिकटतात, कापूरयुक्त औषधांचे वीर्य उडते, तर आसवारिष्टांच्या काठोकाठ भरलेल्या बाटल्यांची बुचे दाबाने सुटतात. औषधे पायापाशी, सावलीत, जाड कापडी पिशवीत, बाटल्या उभ्या ठेवून न्यावीत. मात्र पायांची जागा अडवून, खोक्यावर पाय टेकून वाहन चालवू नये.

घरपोच औषधे देणाऱ्या मुलाचा परवाना व वय पाहूनच त्याच्या हाती किल्ली द्यावी. २०१९ च्या सुधारणेनुसार अज्ञान मुलाने केलेल्या वाहनविषयक गुन्ह्यास पालक अथवा वाहनमालक जबाबदार असून, पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘दहा मिनिटांत पोहोचव’ असे त्याला सांगण्यापूर्वी, औषध अर्धा तास उशिरा पोहोचल्याने सहसा काही बिघडत नाही, याचेही स्मरण ठेवावे.

उपसंहार

कोणतेही द्रव्य सर्वथा हितकर वा सर्वथा अहितकर नसते. मात्रा, काल व प्रकृती पाहून योजिले असता ते गुणकारी ठरते. स्कूटरचेही तसेच आहे. ती सोडून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. हा लेख संपवून आम्हीही तिच्यावरूनच दवाखान्यात जाणार आहोत. मात्र केसपेपरवर ‘आहार’ व ‘निद्रा’ यांच्या खाली ‘वाहन’ असा एक रकाना आम्ही वाढविला आहे, आणि शिरस्त्राणाची खुंटी आता रिकामी असते. वाचक वैद्यबंधूंनी व दुकानदार मित्रांनी या दोन गोष्टी अवश्य कराव्यात, एवढीच विनंती. इत्यलम्।