रात्रीच्या विमानानंतरची सकाळ

घरी पूजा मांडली जाते तेव्हा आपण देवाला पाहुणा मानतो. षोडशोपचारांत आवाहन आणि आसन झाले, की लगेच येते ते पाद्य, म्हणजे पाय धुण्यासाठी पाणी. त्यानंतर अर्घ्य, आचमन, स्नान आणि वस्त्र. नैवेद्याची पाळी पुष्कळ नंतर येते. दुरून आलेल्या माणसाला अन्नाआधी पाणी हवे असते, ही जाणीव त्या क्रमात स्पष्ट दिसते. खेड्यातील घरांतही परगावचा पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या पुढे करून ‘हातपाय धुऊन घ्या’ असे म्हणण्याची रीत होती. घरापासून लांब असलेल्या वाटसरूसाठी विहीर, घाट, धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई. अहल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांचे नाव भारतभर घेतले जाते, ते बऱ्याच अंशी अशा बांधकामांमुळे.

आजचा प्रवासी रात्री विमानात बसतो आणि पहाटे अनोळखी शहरात उतरतो. त्याला पाणी कोणी आणून देत नाही. ते कोठे आहे हे त्यालाच शोधावे लागते. हा शोध वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्याला उतरल्यावर थेट मुलाखतीला, रुग्णालयात किंवा एखाद्या कार्यालयात जायचे आहे, त्याच्या दृष्टीने तो क्षुल्लक नसतो.

उदाहरणादाखल एक प्रवास घेऊ. आखाती देशात नोकरी करणारे एक मराठी दांपत्य मुलीला घेऊन रात्रीच्या विमानाने जयपूरला येत आहे, असे समजा. जयपूरचा विमानतळ सांगानेर येथे आहे. ठशांनी छापलेल्या कापडासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तेथून टोंककडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले, की चाकसू लागते. शीतलाष्टमीला येथे शीतलामातेची मोठी जत्रा भरते. चाकसूच्याही पुढे, निवाईजवळ, १९३५ साली सुरू झालेले मुलींचे वनस्थली विद्यापीठ आहे. मुलीचा प्रवेश तेथे घ्यायचा आहे आणि सकाळीच कार्यालयात हजर व्हायचे आहे. मध्ये कोणा नातेवाइकाचे घर नाही. काही तासांसाठी हॉटेलची खोली घेण्याइतका वेळ नाही, आणि कदाचित तेवढा पैसाही नाही.

अशा प्रवासात शरीराची अवस्था काय होते, ते आधी समजून घेऊ. उंचावरून उडणाऱ्या विमानातील हवा अतिशय कोरडी असते. तिची आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहूनही कमी असते. हवेचा दाबही जमिनीवरच्यापेक्षा कमी, म्हणजे सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका, राखलेला असतो. त्यामुळे ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो. तासन्‌तास एका जागी बसल्याने पायांना सूज येते. झोप अर्धवट होते ती वेगळीच. म्हणून उतरल्यानंतर तोंड धुणे, चूळ भरणे, पाय मोकळे करणे आणि भरपूर पाणी पिणे ही चैन नव्हे.

याची सुरुवात विमानातच करावी. विमान उतरण्यापूर्वी दिवे लागतात, सगळे प्रवासी एकदम जागे होतात आणि प्रसाधनगृहापुढे रांग लागते. ती रांग पुढे सरकते न सरकते तोच पट्टे बांधण्याची सूचना होते आणि सर्वांना जागेवर परतावे लागते. याकरिता उतरण्याच्या तासभर आधीच उठून आटोपून घेणे चांगले. विमानातील नळाचे पाणी पिण्यासाठी नसते. दात घासल्यावर चूळ भरण्यासाठी पिण्याचे पाणी मागून घ्यावे. सेविका ते देतात.

या कामासाठी लागणाऱ्या वस्तू मोठ्या पेटीत ठेवून उपयोग नाही. एक लहान पिशवी हाताशी असावी. तिच्यात दात घासण्याचा ब्रश, छोटा पंचा, कंगवा, एक धुतलेला सदरा किंवा कुडता आणि आतले कपडे एवढे पुरते. मात्र आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थांचा नियम ध्यानात ठेवावा. ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून दंतमंजनाची नळी, तेल, मलम यांसारख्या वस्तू हातसामानात बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरपर्यंतच्या डब्यांतूनच नेता येतात. दाढीची सुटी पातीही हातसामानात चालत नाहीत.

विमानातून बाहेर पडल्यावरचा क्रम महत्त्वाचा आहे. लांबलचक मार्गिकेत जे पहिले स्वच्छतागृह दिसते, तेथे सगळी गर्दी शिरते. थोडे पुढे गेले तर दुसरे असते आणि ते बहुधा मोकळे मिळते. पारपत्राची तपासणी संपवून सामानाच्या सरकत्या पट्ट्याजवळ पोहोचलो, की तेथील स्वच्छतागृह हे कपडे बदलण्याचे योग्य ठिकाण. सोबत माणसे असतील तर आळीपाळीने जावे, म्हणजे सामानापाशी कोणीतरी राहते. एकट्याने पेटी बाहेर सोडून जाऊ नये. चोरीची भीती तर असतेच. शिवाय बेवारस सामान दिसले की सुरक्षा कर्मचाऱ्यांना ते संशयास्पद मानावे लागते.

येथेच एक गोष्ट नवख्या प्रवाशाला ठाऊक नसते. सीमाशुल्क विभाग ओलांडून एकदा दाराबाहेर पाऊल टाकले, की ‘जरा तोंड धुऊन येतो’ म्हणून परत आत जाता येत नाही. भारतीय विमानतळांच्या प्रवेशद्वारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवावे लागते, आणि आपले तिकीट तर संपलेले असते. हा बंदोबस्त आज केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदहारला नेण्यात आले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा या दलाकडे देण्यास सुरुवात झाली आणि त्यातील पहिला विमानतळ, फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरचाच होता. दारावरच्या जवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तो नियम पाळत असतो. आपले सर्व आटोपूनच बाहेर पडावे.

आता स्नानाविषयी. हे मात्र सरळ सांगितले पाहिजे, की आपल्याकडच्या विमानतळावर सर्वांसाठी न्हाणीघर असेल, असे गृहीत धरू नये. मोठ्या विमानतळांवर विश्रांतीकक्ष असतात आणि त्यांतील काहींत स्नानाची व्यवस्था असते; परंतु ती शुल्क भरणाऱ्यांसाठी, महागड्या तिकिटांच्या किंवा विशिष्ट बँक-कार्डांच्या धारकांसाठी. शिवाय हे कक्ष बहुतांशी निघणाऱ्या प्रवाशांच्या बाजूला असतात. आलेल्या प्रवाशाला तिकडे जाताच येत नाही. वाटेत विमान बदलायचे असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपण आतच असतो, वेळही असतो, आणि सिंगापूरच्या चांगीसारख्या विमानतळावर पैसे भरून स्नान करता येते. अशा प्रवाशाने आंघोळ मधल्या थांब्यावरच उरकावी, अखेरच्या मुक्कामाची वाट पाहू नये. आपल्या विमानतळांवर अत्तरे आणि चॉकलेटे विकायला ऐसपैस जागा काढली जाते. चार न्हाणीघरांना तेवढी जागा निघू नये, याचे मात्र नवल वाटते.

विमानतळाबाहेर पडल्यावरही मार्ग संपत नाहीत. ज्यांना पुढे आगगाडी पकडायची आहे त्यांना, तिकीट जवळ असल्यास, स्थानकाच्या प्रतीक्षालयाचा आधार मिळतो. मुंबई सेंट्रल स्थानकात तर २०२१ मध्ये जपानी धर्तीच्या छोट्या शयनकक्षांचे पॉड हॉटेल सुरू झाले. आपल्या दांपत्याला मात्र त्याचा उपयोग नाही; जयपूर स्थानक शहरात, म्हणजे चाकसूच्या उलट दिशेला आहे.

बसस्थानकांजवळ ‘सुलभ’ची स्वच्छतागृहे आपण पाहिली असतील. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये ही संस्था स्थापन केली आणि १९७४ मध्ये पाटण्यात वापरानुसार पैसे देण्याचे पहिले सार्वजनिक शौचालय सुरू केले. तेथे स्नानाचीही सोय होती. थोडक्या पैशांत कोणालाही, तिकीट न विचारता, पाणी आणि दाराला कडी मिळावी, ही कल्पना जुन्या धर्मशाळेच्या जवळची आहे.

कडीचा उल्लेख मुद्दाम केला. पुरुष रस्त्याकडेच्या नळावरही तोंड धुऊन, सदरा बदलून मोकळा होतो. स्त्रीला आडोसा लागतो, आणि मासिक पाळीच्या दिवसांत तर पाणी, कडी आणि कचऱ्याची पेटी या तिन्ही गोष्टी लागतात. त्या मिळणार नाहीत या भीतीने अनेक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. मूत्रमार्गाच्या विकारांना ते निमंत्रण ठरते. मुंबईत स्वयंसेवी संस्थांनी २०११ च्या सुमारास याविषयी मोहीम उभारली. लघवीसाठी पुरुषांकडून पैसे घेतले जात नाहीत, मग स्त्रियांकडून का, हा तिचा साधा प्रश्न होता. पुण्यातील ‘मिळून साऱ्याजणी’च्या वतीने झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय दिला. स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे पुरविणे हे महापालिकांचे कर्तव्य असल्याचे त्यात सांगितले.

सांगानेरहून चाकसूकडे निघालेल्या आपल्या मराठी कुटुंबाने सामानाच्या पट्ट्यापाशीच कपडे बदलले असतील, तर पुढे अडचण नाही. ते राहून गेले असेल, तर महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी थांबवावी. चहा मागविण्यापूर्वी मुलीला आणि आईला आत जाऊन पाहू द्यावे. नळाला पाणी असेल आणि दाराला कडी लागत असेल तरच तेथे थांबावे, नाहीतर पुढचा ढाबा पाहावा. सकाळच्या वेळी या रस्त्यावर ढाबे लवकर उघडतात.