न शिंपता तग धरणारे निळे फूल

मुलांनो, निळ्या फुलाचे नाव विचारले की तुम्ही लगेच गोकर्ण सांगता. पण गोकर्ण पडली वेल, तिला कुंपण नाहीतर काठी लागते. मी सांगतो ते जमिनीला धरून पसरणारे विष्णुक्रांत. आपल्या नांदेड-लातूरकडे माळावर, मुरमाड जागी पावसाळ्यात ते दिसते. फूल शर्टाच्या गुंडीहूनही लहान, आभाळासारखे निळे. सकाळी उमलते नि दुपारपर्यंत मिटते. म्हणून दुपारी माळावर गेलात तर नुसता पालाच दिसेल.

शाळेच्या बागेला मी हेच का सुचवतो? कारण पाणी. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत ५ लाख लिटर पाणी होते. अशा मुलखात शोभेच्या हिरवळीवर रोज पाणी ओतणे मला तरी पटत नाही. शिवाय मे महिन्यात शाळेला सुट्टी. बादली उचलणार कोण? विष्णुक्रांताचा बुडखा लाकडासारखा टणक असतो. उन्हाळ्यात वरचा पाला वाळला, तरी बुडखा जिवंत असला की पावसाला पुन्हा फुटतो. पानावर रेशमासारखी बारीक लव असते, तिच्यामुळे पानातले पाणी कमी उडते.

आता एक सावधगिरी. केनासुद्धा बुटका नि निळ्या फुलाचा. त्याची भाजी तुम्ही खाल्ली असेल. पण तो बागेत आणू नका. त्याची कांडी मातीला टेकली की तिथेच मूळ धरते. त्यातून गंमत अशी, की केना जमिनीच्या पोटातही मिटलेली फुले धरतो नि तिथेच बी तयार करतो! वरून कितीही उपटा, तो आहेच. सोयाबीनात खुरपणाऱ्या आईला विचारा, ती सांगेल. विष्णुक्रांताच्या फांद्या मातीवर लोळतात, पण मुळ्या सोडत नाहीत. त्यामुळे ते आवरात राहते. मात्र जागा झाकायची तर रोपे जास्त लावावी लागतात.

लावायचे कसे? काळ्या मातीत पाणी तुंबते, ते त्याला सोसत नाही. म्हणून वाफा थोडा उंच करून मातीत मुरूम नि वाळू मिसळा. शेणखत मूठभर पुरे. पावसाळा संपता संपता बोंडे तपकिरी झाली की बी काढून कागदाच्या पुडीत ठेवा. बियांचे कवच कठीण असते. पेरण्याआधी जाड वाळूत हलके चोळले म्हणजे पाणी आत शिरते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर वितीवितीवर पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. पहिला महिना हराळी नि लव्हाळा हाताने काढत राहा, नाहीतर रोप दबून जाईल. ऊन मात्र भरपूर हवे. झाडाच्या सावलीत फुले येत नाहीत म्हणा ना!

रोपवाटिकेत मोठ्या निळ्या फुलांचे याच कुळातले झुडूप मिळते. ते परदेशी, दक्षिण अमेरिकेतले. फांदी लावून सहज येते, पण कुंडीत त्याला पाणी घालावे लागते.

विष्णुक्रांत औषधी आहे असे घरी ऐकाल. पण शंखपुष्पी या नावाने बाजारात एकाहून जास्त वनस्पती विकतात, तेव्हा पाला तोंडात घालायचा नाही.

बी गोळा करायला शनिवारी सकाळी माळावर जाऊ. ज्यांना यायचे त्यांनी कागदाची पुडी नि पेन्सिल आणावी. एका झाडाची सगळी बोंडे तोडायची नाहीत, निम्मी तिथेच ठेवायची.