पेण-रोह्यात मुक्काम कुठे करावा?

● पेण : गणेशमूर्तींचे कारखाने पाहायचे तर शहरातच उतरा, हमरापूर, जोहे ही मूर्तिकारांची गावे जवळ आहेत. विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यात.

● रोहा : अवचितगडासाठी आदल्या रात्री इथेच थांबा. पहाटे निघालात, तर ऊन चढण्याआधी माथा गाठाल. धावीर महाराजांचे मंदिर गावातच आहे.

● कोलाड : कुंडलिकेतले राफ्टिंग भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर, सकाळी चालते, म्हणून नदीकाठचा मुक्काम सोयीचा.

● आधी विचारा : स्थानकापासूनचे अंतर, जेवणाची सोय, गाडी लावायला जागा. पावसाळ्यात गडाच्या वाटा निसरड्या होतात. सोबत स्थानिक वाटाड्या घ्याच. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर गर्दी असते. खोली आगाऊ ठरवा.