फोटो वाचवणारा पेनड्राइव्ह

आमचा लॅपटॉप एका सकाळी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन ओळी, बस्स. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल.’’ आतलं सगळं म्हणजे लेकीच्या बारशापासूनचे फोटो! दुसरी प्रत नव्हती. आळस माझाच.

ते फोटो वाचले एका आठ जीबीच्या पेनड्राइव्हमुळे.

संगणक सुरू होत नाही म्हणजे आतली डिस्क गेलीच, असं नसतं. पुष्कळदा बिघडते ती कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी आज्ञावली. मग कारभारी बाहेरून आणला तर? लिनक्स हा असा कारभारी. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. उबंटू, लिनक्स मिंट ही त्याचीच रूपं. फुकट, आणि तीही राजरोस! आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं भारतीय रूप काढलं आहे.

दुसऱ्या चालू संगणकावर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘आयएसओ’ फाइल उतरवून घ्या. ती तीनेक जीबीची असते. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, नवखे इथेच फसतात. संगणक सुरू होताना पहिली आज्ञावली ठरावीक जागी शोधतो, आणि आयएसओ म्हणजे बांधलेलं गाठोडं. ते सोडून प्रत्येक वस्तू जागच्या जागी लावण्याचं काम ‘रूफस’ किंवा ‘एचर’ ही मोफत साधनं करतात. फाइल दाखवायची, पेनड्राइव्ह निवडायचा, बटण दाबायचं. मात्र पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. घाईत मी दिरांचा पेनड्राइव्ह वापरला. त्यांच्या सोसायटीचा हिशेब मग मलाच पुन्हा टाइप करावा लागला!

आता पेनड्राइव्ह आजारी लॅपटॉपला लावून तो सुरू करा आणि लगेच एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबत राहा. कंपनीगणिक कळ वेगळी असते. यादीतून यूएसबी निवडली की थोड्या वेळात मिंटचा पडदा उघडतो. पडद्यावर ‘इन्स्टॉल’चं चित्र दिसेल. त्याला फोटो निघेपर्यंत हात लावू नका. तिथे चुकीचा पर्याय निवडला तर डिस्क खरोखरच पुसली जाईल. डिस्क उघडा, फोटो शोधा आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची किल्ली लागते. डिस्कच खडखडत असेल, तर हा उपाय करू नका, जाणकाराकडेच न्या.

आम्हाला रात्रीचे दोन वाजले. बारशाचा पहिला फोटो उघडला तेव्हा सासूबाईही जाग्या होत्या. लॅपटॉपवर नंतर मिंटच बसवलं. सासूबाई आता त्यावर कीर्तनं ऐकतात.