महिला आणि व्यवसाय मार्गदर्शन : वेळेवर मिळालेल्या माहितीचे मोल

मोठ्या कारखानदारीचा जिल्हा अशी वाशीमची ओळख नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यातील वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे सहाही तालुके प्रामुख्याने सोयाबीन, तूर आणि कपाशी यांवर अवलंबून आहेत. साहजिकच येथील शिकलेल्या स्त्रीपुढील नोकरीच्या वाटा मोजक्याच : अंगणवाडी, शाळा, आरोग्य उपकेंद्र, एखादे शासकीय कार्यालय वा बँक. वाटा थोड्या असल्या म्हणजे एक संधी हुकल्याची किंमतही मोठी असते.

व्यवसाय मार्गदर्शन म्हटले की दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढील व्याख्यान डोळ्यांसमोर येते. त्याचा उपयोग आहेच. तथापि स्त्रियांच्या बाबतीत खरी निकड पुढे, विवाहानंतर आणि नोकरी लागल्यानंतर निर्माण होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने हे फार पूर्वी ओळखले होते. स्त्रियांनी स्वावलंबी व्हावे, असा नुसता उपदेश न करता शिक्षिका व परिचारिका होण्यासाठी लागणाऱ्या शिक्षणाची सोयही तेथे करण्यात आली. सल्ला आणि सोय यांची ही सांगड आजही क्वचितच आढळते.

कागदपत्रांचा प्रश्न

शासकीय सेवेतील सरळसेवा भरतीत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचा लाभ घेताना अनेक उमेदवार गुणांत नव्हे, तर कागदपत्रांत मागे पडतात. यवतमाळ वा हिंगोली जिल्ह्यातून विवाह होऊन वाशीममध्ये आलेली स्त्री जातीचा दाखला सासरच्या तालुक्यात मागते. तो मात्र वडिलांच्या मूळ वास्तव्याच्या आधारे, माहेरच्या जिल्ह्यातील सक्षम अधिकाऱ्याकडून घ्यावयाचा असतो. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र काढण्यासाठी पतीच्या उत्पन्नाचे कागद गोळा करण्यात महिने जातात. वास्तविक तेथे आईवडिलांची स्थिती विचारात घेतली जाते, पतीची नव्हे. खुल्या गटातील महिलांना तर या प्रमाणपत्राची अट २०२३ मध्येच रद्द करण्यात आली आहे. गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधारपत्रावर सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला अगोदरच काढून ठेवणे इष्ट. जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर धावपळ करून हे सारे जुळत नाही. शिवाय वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. सर्वसाधारणपणे ती खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे. मुले शाळेत जाऊ लागल्यावर नोकरीचा विचार करणाऱ्या स्त्रीच्या हाती मग किती वर्षे उरतात, याचा हिशेब कोणीतरी तिच्यासमवेत बसून करावयास हवा.

नोकरीत असलेल्यांसाठी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज खेडोपाडी ज्या कामावर सर्वाधिक स्त्रिया दिसतात, त्यांत अंगणवाडीची गणना करावी लागेल. मानधनावरील हे काम पुढे कोठे जात नाही, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदे पाच वर्षांचा अनुभव असलेल्या मदतनिसांमधून, तर पर्यवेक्षिकांची निम्मी पदे तितकाच अनुभव असलेल्या सेविकांमधून भरावयाची आहेत. मात्र सेविकापदासाठी राज्यात आता बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, आणि पर्यवेक्षिकेच्या पदासाठी पदवी लागते. म्हणजेच दहावीवर थांबलेल्या मदतनिसेने आजच १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बारावीची परीक्षा द्यावी, सेविकेने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव नोंदवावे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले हे विद्यापीठ घर व काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. पद रिक्त झाल्याचे कळल्यावर पदवी मिळवता येत नाही. तिला तीन वर्षे लागतात. नोकरीतील मार्गदर्शनाचे एवढे सरळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

प्रसूती रजेविषयीही असेच अज्ञान आढळते. कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली असून, हा नियम खाजगी आस्थापनांसही लागू आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. शेतमजूर स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. भीती आणि लोकलज्जा यांत पहिले तीन महिने सहज निघून जातात, म्हणून ही मुदत प्रत्येक स्त्रीला काम स्वीकारतानाच ठाऊक असली पाहिजे.

माहिती कोणी पोचवावी?

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. मानोऱ्याकडील एखाद्या खेड्यातून तेथे जाण्यात स्त्रीची एक दिवसाची मजुरी बुडते. उलट शाळा गावातच असते, आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. या सभेत लाभार्थींच्या याद्या वाचल्या जातात. त्यांच्याबरोबर चालू भरतीच्या जाहिराती, वयोमर्यादा, आवश्यक दाखले आणि ते देणाऱ्या कार्यालयांची नावेही वाचून दाखवता येतील. अर्ज भरण्यास शिक्षकांचे साहाय्य घेता येईल. यासाठी वेगळा निधी लागत नाही. जाहिराती तालुक्याहून गावात वेळेवर येणे मात्र आवश्यक आहे, आणि ते काम पंचायत समितीचे आहे.