इंग्लंडच्या उपनगरातले घर आणि गावच्या घरातला हिस्सा

मागच्या रमजानमध्ये आम्ही तरावीहून घरी आलो आणि धाकट्या भावाचा फोन आला. तो नऊ वर्षांपासून इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरात राहतो. आता तिथे स्वतःचे घर घेत होता. म्हणाला, "भाई, वकिलाने फॉर्म पाठवलाय. जगात कुठेही तुमच्या मालकीचं घर आहे किंवा कधी होतं का, असं विचारलंय. 'नाही' लिहू ना?" आम्ही म्हणालो, "लिही की. तुझं कुठंय घर?"

रात्री झोप येईना. अब्बा जाऊन सहा वर्षे झाली, आणि गावचे घर अजून त्यांच्याच नावावर. वाटणी झालेली नाही. पण माणूस गेला त्या क्षणी वारसांचा हक्क लागू होतो, ही गोष्ट तर आपल्या मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. मग त्याला घर नाही असे कसे म्हणायचे? सकाळी सहरीलाच मेसेज टाकला : फॉर्म भरू नकोस, थांब.

पुढचे तीन महिने जे शिकलो, ते इथे सांगतो. आपल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे आहेत.

घर होते ओडबीला. लेस्टरच्या मध्यापासून साधारण पाच किलोमीटरवर, ए-६ रस्त्याला लागून असलेले हे छोटे उपनगर. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिथल्या वर्तमानपत्रात 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात दिली होती. लोक तरीही आले. २०२१ च्या जनगणनेत शहरातले २३.५ टक्के लोक मुस्लिम होते. ओडबी मात्र शहराच्या हद्दीबाहेर. तिथे कचरा उचलणारे कौन्सिल वेगळे (ओडबी अँड विग्स्टन) आणि शाळा बघणारे वेगळे (लेस्टरशायर काउंटी). शहरात भाड्याने राहणाऱ्याला हे माहीत नसते आणि मुलाच्या शाळेचा अर्ज चुकीच्या दारात जातो. तिथल्या एका नावाजलेल्या कॉलेजचे नाव लिहितात 'बोशांप'सारखे आणि म्हणतात 'बीचम'. इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर न बोललेलेच बरे.

घर 'सेमी-डिटॅच्ड', म्हणजे दोन घरांची मधली एक भिंत सामाईक, पुढे गाडीला जागा, मागे बाग. किंमत साडेतीन लाख पौंड.

तिकडच्या व्यवहारात आपल्या लोकांना पहिली ठेच लागते ती शब्दाची. आपल्याकडे इसार दिला, चहा झाला, की सौदा पक्का. तिकडे मालकाने ऑफर स्वीकारली तरी ती 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असते. 'एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स' होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकते. एक्स्चेंजला बहुतेक वेळा किमतीच्या दहा टक्के भरतात, आणि तिथून पुढे माघार घेतली तर ते पैसे जातात. चावी मिळते त्यानंतर, 'कंप्लिशन'च्या दिवशी. भावाचे आधीचे एक घर असेच गेले. दुसऱ्याने जास्त दिले, मालक तिकडे वळला, आणि घर तपासणाऱ्या सर्व्हेअरची व वकिलाची फी पाण्यात. अम्मी आठवडाभर म्हणत होत्या, "जबान दिली होती ना त्याने?" दिली होती. तिथल्या कायद्यात तिला किंमत नाही, एवढेच.

सुदाचा प्रश्न अर्थातच होता. ब्रिटनमध्ये 'होम परचेस प्लॅन' मिळतो. बँक आणि आपण मिळून घर घेतो. आपण वीस टक्के भरले तर ऐंशी टक्के हिस्सा बँकेचा. दर महिन्याला आपण बँकेच्या हिश्श्याचे भाडे देतो आणि थोडा थोडा हिस्सा विकत घेत जातो. पूर्वी अशा व्यवहारात मुद्रांक शुल्क दोनदा पडायचे, एकदा बँक घेते म्हणून आणि एकदा बँकेकडून आपण घेतो म्हणून. २००३ च्या फायनान्स ॲक्टने ते एकदाच केले. भाडे मात्र कायम तेवढेच राहत नाही, मधून मधून बदलते. हा प्रकार नावापुरताच वेगळा आहे, असे मानणारे आलिमही आहेत. आपल्या मुफ्तींना विचारूनच ठरवावे. भावाने विचारले आणि प्लॅन घेतला.

आता त्या फॉर्मकडे येतो. इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात सवलत आहे. एप्रिल २०२५ पासून पहिल्या तीन लाख पौंडांवर शून्य आणि तिथून पाच लाखांपर्यंत पाच टक्के. म्हणजे साडेतीन लाखांच्या घरावर २,५०० पौंड. सवलत नसेल तर १,२५,००० पर्यंत शून्य, अडीच लाखांपर्यंत दोन टक्के, वरती पाच टक्के. त्याच घरावर ७,५०० पौंड. आणि 'पहिल्यांदा' याचा अर्थ जगात कुठेही, कधीही घराची मालकी आलेली नसावी. वारशाने आलेला हिस्साही त्यात धरतात. नवरा-बायको मिळून घेत असतील तर दोघेही पहिल्यांदाच घेणारे असावे लागतात.

याहून मोठा फटका पुढे आहे. दुसरे घर असताना घेतले तर पूर्ण किमतीवर आणखी पाच टक्के. साडेतीन लाखांवर एकूण २५,००० पौंड! यात परदेशातले घरही मोजतात, फक्त आपल्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांहून कमी असेल तर सोडून देतात.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. घराची किंमत साठ लाख धरली. वारस चार : अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि आपा. घराचे चाळीस भाग केले. अम्मींचे पाच, भावांचे चौदा-चौदा, आपाचे सात. भावाचे चौदा म्हणजे २१ लाख रुपये. पौंड १२० चा धरला तर १७,५०० पौंड. जादा पाच टक्क्यांतून तो सुटला. हाच हिस्सा मुंबईतल्या एखाद्या मोठ्या फ्लॅटमध्ये असता तर सुटला नसता. पहिल्या घराची सवलत मात्र गेली. सरळ ५,००० पौंडांचा फरक, म्हणजे सहा लाख रुपये.

त्याच्या एका मित्राने सल्ला दिला की, "तिकडचे कागद इथे कोण बघतं?" दुसरा म्हणाला, हक्कसोड करून टाक. पण नियमात 'कधीही' आहे. आज हिस्सा सोडला तरी काल होता तो पुसला जात नाही. आणि सहीच्या वर लिहिलेले खोटे हे रोजा ठेवून लिहिले काय, न ठेवता लिहिले काय, सारखेच. भावाने वकिलाला सगळे लेखी कळवले आणि ७,५०० भरले.

पैसे पाठवायचे असतील तर आणखी एक. आम्ही आंब्याची दोन गुंठे जागा विकून त्याला थोडी मदत केली. तिकडचा वकील विचारतो, हे पैसे कुठून आले? खरेदीखत, बँकेचा उतारा आणि हे कर्ज नसून भेट आहे असे पत्र द्यावे लागते. गिऱ्हाईक म्हणत होते, निम्मे रोख घ्या. रोख घेतले असते तर त्याचा कागद नसता आणि ते पैसे तिथे उपयोगाला आले नसते. एका आर्थिक वर्षात दहा लाखांवर भेट पाठवली तर आपली बँक वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस कापते. तो आयकर भरताना हिशेबात मिळतो, पण तोवर हातात लागतो.

घर मिळाले. भाऊ म्हणतो, शांतता इतकी की सुरुवातीला झोप लागेना. हलाल गोश्त आणायला शहरात जावे लागते. कौन्सिल टॅक्स अजून घराच्या १९९१ च्या किमतीवर ठरतो आणि तो मालक असो की भाडेकरू, राहणाऱ्याला भरावा लागतो. अम्मींनी व्हिडिओवर सगळे घर पाहिले आणि किब्ला कोणत्या खोलीत सरळ पडतो ते विचारले.

त्या चाळीस भागांच्या कागदावर आपाचे सात पहिल्यांदा आकड्यात लिहिले गेले होते. सहा वर्षांत तिने एकदाही विषय काढला नव्हता, आणि आम्हीही काढला नव्हता. ईदनंतर ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज दिला, चारही नावांनी. नमुना ८ वर नोंद व्हायची आहे. ग्रामसेवकाने आपाच्या नावापुढे बोट ठेवून विचारले, "या पण लावायच्या?"

आम्ही म्हणालो, लावा.